ठोकळ्यांचा पब आतून बाहेर कसा बांधावा

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना आपण आधी डोंगर रचतो, मग तट आणि बुरूज बसवतो आणि बालेकिल्ल्यात काय आहे याची फारशी फिकीर करत नाही, कारण आत डोकावणारा कोणी नसतो. ब्रिटिश पबाची प्रतिकृती खेळण्यातल्या ठोकळ्यांनी करायला घेतली तेव्हा मीही तीच सवय बरोबर आणली. चार भिंती, खिडक्या, छप्पर आणि बाहेर एक पाटी असे सगळे महिनाभरात जमले. इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरी ते टेबलावर ठेवले तेव्हा आईने चष्मा लावून ते सगळीकडून न्याहाळले आणि विचारले, "ही बँक आहे का? इथे माणसं बसतात कुठे?" ती प्रतिकृती मी त्याच आठवड्यात मोडली. पुढे जी पद्धत सांगतो आहे ती त्या प्रश्नातून निघालेली आहे.

पब या शब्दाचा विस्तार 'पब्लिक हाउस' असा आहे, म्हणजे ते मुळात घर आहे. खालच्या खोल्या गावासाठी खुल्या आणि वरच्या मजल्यावर चालवणाऱ्याचे बिऱ्हाड, ही त्याची जुनी रचना. आपल्याकडे सराफ्यात खाली पेढी आणि वर राहते घर असे, त्यासारखीच ती म्हणता येईल. म्हणून ज्या प्रतिकृतीत बसायची जागा आधी आखलेली नाही, ती बाहेरून कितीही सुबक झाली तरी दुकानासारखीच दिसते. बांधकाम गल्ल्यापासून, म्हणजे ज्यावरून पेये दिली जातात त्या लांब मेजापासून, सुरू करावे आणि भिंती त्याच्याभोवती उभ्या कराव्यात.

मापे आणि प्रमाण

लेगो कंपनीने ठोकळ्यांच्या आजच्या जोडणीचे पेटंट 28 जानेवारी 1958 रोजी डेन्मार्कमध्ये दाखल केले आणि तेव्हापासूनची मापे बदललेली नाहीत. ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांना मी पुढे बटणे म्हणेन. दोन बटणांच्या केंद्रांमधले अंतर 8 मिलिमीटर असते, विटेची उंची 9.6 मिलिमीटर आणि पातळ पट्टीची 3.2 मिलिमीटर असते, म्हणजे तीन पट्ट्यांची एक वीट होते. आणखी एक संबंध पाठ करून ठेवावा: पाच पट्ट्यांची उंची 16 मिलिमीटर भरते आणि दोन बटणांची रुंदीही 16 मिलिमीटरच. आडवी वस्तू उभी बसवायची असेल तेव्हा हे एकच समीकरण उपयोगी पडते आणि पबाच्या दर्शनी भागात ते वारंवार लागते.

ठोकळ्यांचा माणूस सुमारे 40 मिलिमीटर उंच असतो. तो खऱ्या जगात 1.73 मीटर उंच आहे असे धरले तर प्रमाण एकास 43 येते आणि एक बटण जवळजवळ 35 सेंटीमीटरचे होते. 32 गुणिले 32 बटणांची तळपट्टी, म्हणजे बाजूला 25.6 सेंटीमीटर, घ्यावी. दोन रस्त्यांच्या बाजूंना सहा-सहा बटणांचा पदपथ सोडावा. उरलेली 26 बटणांची बाजू खऱ्या मापात नऊ मीटरच्या आसपास जाते आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पबाला ती पुरेशी आहे. ठोकळ्यांची माणसे उंचीच्या मानाने रुंद असल्यामुळे दरवाजे, खुर्च्या आणि वाटा हिशेबापेक्षा किंचित मोकळ्या ठेवाव्या लागतात. इथे पट्टी लावून हट्ट करू नये.

खरेदीपूर्वी संगणकावर आराखडा करावा. सुट्या ठोकळ्यांच्या ब्रिकलिंक या ऑनलाइन बाजाराचे 'स्टुडिओ' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यात ठोकळे रचून पाहता येतात आणि कोणत्या रंगाचे किती तुकडे लागतील याची यादी तयार होते. सुटे ठोकळे वजनावर घेण्याचा मोह इंदूरमध्ये मलाही झाला होता. जोडणी जमणारे दुसऱ्या बनावटीचे ठोकळे मी ऑनलाइन मागवले. ते घट्ट बसले, पण गडद लाल म्हणून आलेल्या विटांत तीन वेगवेगळ्या छटा निघाल्या. मागच्या भिंतींना त्या चालून गेल्या. रस्त्याच्या बाजूंना मात्र सर्व विटा एकाच ठिकाणाहून आणि शक्यतो एकाच वेळी घ्याव्यात.

काळ एकच निवडावा

बहुतेक हौशी प्रतिकृती बिघडतात त्या जोडणीमुळे नव्हे. त्यांत काळांची खिचडी झालेली असते. ट्यूडर (सोळाव्या शतकातल्या) धाटणीच्या काळ्या तुळया, गवताचे छप्पर, व्हिक्टोरियन कोरीव काचा आणि बाहेर लाल टेलिफोनची पेटी, असे सगळे एकाच इमारतीवर चढवले की तो पब न राहता पर्यटनाचा फलक होतो. ती लाल पेटी तर 1924 च्या स्पर्धेतून निवडलेल्या जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यापासूनची आहे. व्हिक्टोरिया राणी त्याआधी 23 वर्षे वारली होती.

तुळयांची धाटणी निवडणाऱ्यांनी एक भेद लक्षात घ्यावा. इंदूरच्या आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत, आणि तिथले लाकूड भार पेलते. इंग्लंडातल्या खरोखर जुन्या पबांतही तसेच असते. दोन महायुद्धांच्या दरम्यान मद्य उत्पादकांनी जे ट्यूडर धाटणीचे पब बांधले त्यांतल्या पुष्कळशा तुळया मात्र विटांच्या भिंतीवर केवळ शोभेसाठी लावलेल्या आहेत. ठोकळ्यांतही दोन्ही प्रकार करता येतात. खऱ्या जुन्या इमारतीत तपकिरी विटा भिंतीतच गुंफाव्यात, त्याही किंचित वाकड्या. शोभेच्या तुळयांसाठी पांढऱ्या भिंतीत बाजूला बटण असलेल्या विटा बसवून त्यांवर तपकिरी टाइल, म्हणजे बटणे नसलेल्या गुळगुळीत पट्ट्या, उभ्या चिकटवाव्यात. बाजूला बटण असलेली एक वीट, तिच्यावर दोन पट्ट्या आणि पुन्हा तशीच वीट असा क्रम ठेवला की दोन बटणांमध्ये नेमके 16 मिलिमीटर अंतर येते आणि लांब टाइल दोन ठिकाणी पकडली जाते.

मी स्वतः व्हिक्टोरियन काळातला कोपऱ्यावरचा पब निवडला आणि पुढचे वर्णन त्याचेच आहे, कारण त्यातली खोल्यांची विभागणी सर्वांत रंजक आहे.

गल्ला, खोल्या आणि तळघर

व्हिक्टोरियन पबाच्या नकाशाचे मर्म असे की सगळ्या खोल्या एका गल्ल्याभोवती फिरतात. कष्टकऱ्यांची 'पब्लिक बार' वेगळी, तिथे उघडी फळ्यांची जमीन आणि साधे बाक. शेजारी 'सलून बार', तिथे गालिचा, गाद्या आणि तीच बिअर किंचित जास्त दराने. शिवाय 'स्नग' नावाची लहानशी बंदिस्त खोली, जिथे ज्यांना चारचौघांत दिसायचे नाही अशी मंडळी बसत. गिऱ्हाइकांना एकमेकांपासून आडोसा मिळे, पण गल्ल्यामागच्या माणसाची नजर मात्र सर्व खोल्यांवर राहिली पाहिजे. म्हणून गल्ला नालाच्या आकाराचा करावा आणि तळपट्टीवर पहिली वीट त्याचीच ठेवावी.

माझ्या आराखड्यात नालाच्या बाहेरची रुंदी 12 बटणे आणि आत उभे राहायला चार बटणांची वाट आहे. गल्ल्याची उंची दोन विटा आणि वर गुळगुळीत टाइल अशी केली तर माणसाच्या छातीपर्यंत येते. तेवढी नको असेल तर एक वीट, दोन पट्ट्या आणि टाइल असा थर चांगला दिसतो. रंग लालसर तपकिरी ठेवावा. पायाशी सोनेरी दांड्याची एक ओळ फिरवावी, कारण उभ्याने पिणाऱ्याला पाय टेकवायला तिथे पितळी दांडा असे.

गल्ल्यावर तीन काळे लिव्हर ओळीने बसवावेत. हे हातपंप म्हणजे पबाची ओळखखूण आहे. पिंपे तळघरात 11 ते 13 अंश सेल्सियसमध्ये ठेवलेली असतात आणि बिअर तिथून हाताने वर ओढावी लागते. जोसेफ ब्रामा यांनी 1797 मध्ये अशा पंपाचे पेटंट घेतले होते. मेच्या दुपारी इंदूरमध्ये 11 अंश ही कल्पना करतानाच गार वाटते, पण प्रतिकृतीसाठी मुद्दा वेगळा आहे: पंप दाखवले की तळघर सुचवावेच लागते. संपूर्ण तळघर करायचे तर सगळी इमारत सहा विटा उचलावी लागेल. त्यापेक्षा पदपथात चार बटणांचा चौकोन सोडून त्यावर दोन लांबट टाइलींची झडप बसवावी आणि शेजारी एक पिंप आडवे ठेवावे. गाडीवरची पिंपे अशाच झडपेतून खाली सोडतात. एवढ्या खुणेने पाहणाऱ्याच्या मनात तळघर तयार होते आणि आपल्या शे-दीडशे विटा वाचतात.

खोल्यांमधले पडदे दोन विटांपर्यंत भरीव तपकिरी ठेवून वर पारदर्शक तुकडे लावावेत. सलून बारच्या बाजूला गल्ल्यावर डोक्याच्या उंचीला छोट्या फिरत्या काचांची ओळ करता आली तर अवश्य करावी. गिऱ्हाइकाचा चेहरा गल्ल्यामागच्या माणसाला दिसू नये म्हणून खऱ्या पबांत अशा कोरीव काचा बिजागरीवर बसवत. ठोकळ्यांत दांडा आणि चिमटा असलेले तुकडे घेऊन त्यांवर दुधी टाइल लावली की त्या खरोखर फिरतात. आमच्या घरी येणारी मुले सगळे सोडून आधी याच काचा फिरवतात.

डार्ट्सचा फलक पब्लिक बारमध्ये लावावा. त्याचा मध्य जमिनीपासून 1.73 मीटरवर आणि फेकणाऱ्याची रेषा फलकापासून 2.37 मीटरवर असते. आपल्या प्रमाणात हे अनुक्रमे 40 आणि 55 मिलिमीटर होते, म्हणजे फलक ठोकळ्याच्या माणसाच्या उंचीइतका वर आणि रेषा जवळजवळ सात बटणे दूर. फलकाचा खरा व्यास प्रमाणात जेमतेम साडेदहा मिलिमीटर भरतो, पण दोन बटणांची गोल टाइल, म्हणजे 16 मिलिमीटर, लावावी. लहान टाइल गुंडीसारखी दिसते.

शेकोटी, पियानो, भिंतीवरच्या तसबिरी हे सर्व हौसेप्रमाणे करावे. छताच्या आतल्या बाजूला पांढरा रंग मात्र वापरू नये. वर्षानुवर्षांच्या तंबाखूच्या धुराने ती छते पिवळट तपकिरी झालेली असत आणि फिका बदामी रंग तिथे शोभतो. इंग्लंडमध्ये बंद सार्वजनिक जागांत धूम्रपानाला 1 जुलै 2007 पासून बंदी आली, तेव्हा आजचा पब दाखवणाऱ्यांनी बाहेर दोन बाके ठेवावीत.

भिंती आणि कोपरा

आतली मांडणी पक्की झाल्यावरच भिंती चढवाव्यात. तळमजल्याला नऊ विटांची उंची पुरते: सहा विटांचा दरवाजा, एक विटेची झरोक्याची काच आणि दोन विटांची नावाची पट्टी. खिडक्यांचा खालचा अर्धा भाग दुधी आणि वरचा स्वच्छ पारदर्शक ठेवावा, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कोण बसले आहे ते दिसू नये अशीच योजना असे. खिडकीखालच्या भागात बाजूला बटण असलेल्या विटांवर गडद हिरव्या टाइल लावाव्यात. त्या काळच्या पबांना चकचकीत भाजलेल्या फरशा असत आणि ठोकळ्यांच्या टाइलची चकाकी हुबेहूब तशी असल्यामुळे इथे काही अभिनय करावा लागत नाही. नावाची पट्टी काळी किंवा गडद हिरवी आणि अक्षरे सोनेरी असावीत.

वरच्या मजल्याच्या सात विटांच्या भिंतीत मला सर्वाधिक आनंद मिळाला. विटा रचण्याच्या फ्लेमिश पद्धतीत प्रत्येक थरात एक लांब वीट आणि एका विटेचे डोके, म्हणजे तिची आखूड बाजू, असे आलटून पालटून येतात आणि प्रत्येक डोके खालच्या लांब विटेच्या नेमके मध्यावर बसते. खरी लांब वीट डोक्याच्या दुप्पट असते, म्हणून दोन बटणांची आणि एका बटणाची वीट घ्यावी असे प्रथम वाटते, पण मग मध्य अर्ध्या बटणावर येतो आणि बसत नाही. तीन बटणांची वीट घेतली की प्रश्न सुटतो. पहिला थर तीन-एक, तीन-एक असा लावावा. दुसऱ्या थराची सुरुवात दोन एकेरी विटांनी करून पुढे पुन्हा तीन-एक लावावे. सांधे एकावर एक कधीच येत नाहीत, त्यामुळे भिंत मजबूतही होते. लांब विटा गडद लाल आणि डोकी लालसर तपकिरी ठेवल्यास भट्टीत जास्त भाजलेल्या विटांचा आभास होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंसाठी खिडक्या वगळून साधारण साठ जोड्या लागतात. मागच्या भिंतींना साध्या विटा चालतील, तिकडे कोणी पाहत नाही.

मुख्य दरवाजा कापलेल्या कोपऱ्यावर, दोन्ही रस्त्यांकडे तिरपा तोंड करून असतो आणि पहिल्या प्रयत्नात हमखास अडायला होते ते इथेच. 45 अंशांतला कर्ण बटणांच्या जाळीशी जुळत नाही. मात्र दोन्ही बाजूंना तिरपी भिंत जोडणाऱ्या बिजागरीच्या केंद्रांपासून पाच-पाच बटणे सोडली तर कर्ण 7.07 बटणांचा येतो आणि सात बटणांची भिंत त्यात बसवता येते. उरणारी ढिलाई 0.568 मिलिमीटर असते आणि ती डोळ्याला दिसत नाही. पबात बिअर ज्या मापाने देतात त्या एका पाइंटमध्ये 568 मिलिलिटर असतात हे आठवून मला त्या रात्री उगाच हसू आले होते. तिरपी भिंत खाली टाइलवर टेकवावी, बटणांवर दाबू नये, म्हणजे ती आपली जागा स्वतः शोधते.

प्रत्येक मजला अलग उचलता यावा यासाठी भिंतींच्या माथ्यावर गुळगुळीत टाइल फिरवून चारच ठिकाणी बटणे उघडी ठेवावीत. मोडलेल्या पहिल्या प्रतिकृतीत मी सगळी बटणे उघडी ठेवली होती आणि मजला उचलताना दर वेळी खालची एखादी खिडकी हातात येई. आत एवढे काम केल्यावर ते दाखवता आले नाही तर उपयोग काय?

छपरासाठी 45 अंशांचे उतरते ठोकळे गडद करड्या रंगात घ्यावेत. धुराडे जाड आणि उंच हवे, वर चार गोल विटांची भांडी, कारण खाली प्रत्येक खोलीत शेकोटी असे.

पाटी

पाटी भिंतीला समांतर लावण्याची चूक करू नये. ती भिंतीतून काटकोनात बाहेर येऊन लोखंडी कंसाला टांगलेली असते, कारण ती रस्त्याने चालत येणाऱ्याला लांबून दिसायची असते. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या कारकिर्दीत 1393 मध्ये मद्य विकणाऱ्यांना बाहेर खूण लावणे बंधनकारक झाले. बहुतेकांना वाचता येत नसल्यामुळे खूण चित्राची असे. त्या राजाचे स्वतःचे चिन्ह पांढरे हरीण होते आणि आजही त्या नावाचे पब जागोजागी आहेत.

ठोकळ्यांत हरीण किंवा सिंह काढणे कठीण आहे आणि छापील चिकटपट्टी मला फसवणूक वाटते. 'रॉयल ओक' हे नाव घ्यावे असे मी सुचवेन. 1651 मध्ये वूस्टरच्या लढाईत हरल्यावर दुसरा चार्ल्स बॉस्कोबेल येथे ओकच्या झाडात लपला होता, त्याची ही आठवण. पाटीसाठी एक फिकी टाइल, तिच्यावर झाडाच्या पानांचा हिरवा तुकडा आणि मध्ये सोनेरी मुकुटाचा लहानसा तुकडा एवढे पुरे होते. पाटी दांड्याला चिमट्यांनी अडकवली की पंख्याच्या वाऱ्यावर हलते. आमच्या बैठकीत पंखा फेब्रुवारीअखेरीपासूनच फिरू लागतो, त्यामुळे ही करामत वर्षातले आठ महिने चालते.

दिव्यांसाठी दिवाळीत मिळणारी बारीक तांब्याच्या तारेची पिवळसर माळ वापरावी. तार बटणांच्या मधून जाते आणि वीट तिच्यावर बसते. पांढरा प्रकाश वापरल्यास पब दवाखान्यासारखा दिसतो.

इंदूरच्या घरात जपणूक

पश्चिमेच्या खिडकीसमोर प्रतिकृती ठेवू नये, उन्हाने पांढरे आणि करडे ठोकळे पिवळे पडतात. धुण्यासाठी पाणी 40 अंशांच्या आत असावे. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणीच त्याहून गरम येते, म्हणून हे काम सकाळी करावे. रोजची धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशने काढता येते. रंगपंचमीला मात्र, राजवाड्याकडून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघण्याच्या आधीच, सगळे मजले झाकून आतल्या खोलीत न्यावेत. एका वर्षी मी खिडकी उघडी ठेवून गेर पाहायला गेलो आणि परत आलो तेव्हा सलून बारच्या गालिच्यापासून धुराड्यापर्यंत सर्वत्र गुलाबी गुलाल बसला होता. तो काढण्यासाठी 1,900 तुकडे सुटे करावे लागले. पुन्हा जोडताना आईने एक बदल सुचवला आणि तो मी कायम ठेवला आहे: स्नगमध्ये आता एक खुर्ची गल्ल्याकडे पाठ करून ठेवलेली असते.